पेट्यांना सांगायचं राहिलं होतं

फाटकाशी उभा असलेला माणूस यूरातेला पहिल्या नजरेतच आवडला नाही. मूळचा गोरखपूरचा, नोकरी कौनासला, नाव गिरिजेश. लिथुआनियन अस्खलित बोलत होता, आणि तेही तिच्या बाबांच्या, काझीसच्या धाटणीत. तिला खटकलं ते नेमकं तेच.

"काझीसकाकांनी मला मधमाश्यांचा थवा द्यायचं कबूल केलं होतं. मी त्यांना हिंदी शिकवायचो, थोडं संस्कृतही."

कुंपणापलीकडे कांद्याचा वाफा खुरपत बसलेली ब्रोनेआजी पुटपुटली, "म्हातारा गेला की नातेवाईक अळंब्यांसारखे उगवतात गं."

गावात मधमाश्या कोणी विकत नसे. ज्याला थवा दिला, तो घरचा झाला. म्हणजे हा माणूस नुसत्या माश्या मागत नव्हता.

"काय शिकवलंत त्यांना?"

"समोर दिसेल ते. विस्तव तुमचा उग्निस, आमचा अग्नी. धूर तुमचा दूमास, आमचा धूम. मेदुस म्हणजे मधु."

"हे इथं शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. एवढ्यावर कोणी चहासुद्धा पाजत नाही."

"काकाही हेच म्हणाले. म्हणाले, शब्दांची सोयरीक मला ठाऊक आहे, तू बोलायला शिकव."

"मी तर त्यांना कधी हिंदी बोलताना ऐकलं नाही."

"मधमाश्यांच्या पेट्यांशी बोलायचे. चुकलं तर त्या हसत नाहीत म्हणायचे." मग त्यानं हळूच विचारलं, "माश्यांना कळवलंत?"

धनी गेला की पेटी ठोठावून माश्यांना सांगावं लागतं, नाहीतर त्या झुरून त्याच्या मागे जातात. यूराते रोज सकाळी ते उद्यावर ढकलत होती.

तो पेट्यांपाशी गेला, टोपी काढली, ठोठावायला बोट उचललं. हा आता घरचा होऊन बसणार, म्हणून ती झपाट्यानं त्याला अडवायला गेली. पण त्यानं हात खाली घेतला.

"घरच्या माणसानं सांगायचं असतं ना? काका म्हणाले होते."

तिनं पहिली पेटी ठोठावली. "बाबा गेले." आतली गुणगुण चढली, मग बसली. ती एकेक पेटी करत गेली. शेवटची पेटी मात्र तिनं ठोठावली नाही. ती बाजूला झाली.

"ही तुम्ही सांगा. बाबांच्या हिंदीत."

तो वाकून बराच वेळ बोलला. तिला एक अक्षर कळलं नाही.

"एवढं काय सांगत होतात?" आवाजात अजून संशय होता.

"काका गेले. आता यूराते तुमचं बघेल. नवा धनी कोण, तेही सांगायचं असतं."

तिनं डोळे पुसले नाहीत, नुसतं नाक ओढलं.

"थवा निघाला की कळवते," ती म्हणाली. "रिकामी पेटी मात्र तुमची आणा."