परवान्यामागची ओळ

“कुणी शिकवलं रे तुला?” वेंडेलने विचारलं.

डेलने दहा गियरचा जुना डंपर खडीच्या ढिगाऱ्यांमधून फिरवला होता, खाणीच्या चढावर नेला होता आणि परत आणून कचेरीसमोर उभा केला होता. एकदाही गियर करकरला नव्हता.

“वडिलांनी. बारा वर्षांचा होतो. गवत कापायच्या दिवसांत, शेतात.”

“ऑर्विल हॉस्टेटलरचा पोरगा ना तू? मग बरोबर आहे!” खाणीचा मालक वेंडेल हा साठीचा गडी. तो गुडघा धरत डेलच्या बाजूच्या सीटवरून खाली उतरला. “सोमवारी सकाळी सहाला ये. संध्याकाळी पाचला घरी. शनिवारी अर्धा दिवस. चालेल?”

चालेल? डेलला त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं. दोन महिने त्याने ओहायो राज्याचा आपला सगळा कोपरा पालथा घातला होता. दूधवाले, लाकूडवाले, ब्रेडची गाडी, सिमेंटची गाडी, सगळ्यांचा एकच पाढा: दोन वर्षांचा अनुभव आण. अनुभव नाही म्हणून काम नाही आणि काम नाही म्हणून अनुभव नाही. नवख्या ड्रायव्हरला हसून बोलावत होत्या त्या फक्त लांब पल्ल्याच्या कंपन्या. तीन आठवडे रस्त्यावर, तीन दिवस घरी.

डेलला तेच नको होतं. घरी एक्क्याऐंशी वर्षांचा ऑर्विल होता. गेल्या हिवाळ्यात तो न्हाणीघरात पडला आणि डेल उठेपर्यंत गार फरशीवर तसाच पडून राहिला. पोराची झोपमोड नको म्हणून हाकसुद्धा मारली नाही म्हाताऱ्याने. दिवसा शेजारच्या ओपलबाई डोकावून जात, पण रात्री घरात माणूस हवाच होता. डेलची बायको कधीच सोडून गेली होती, भाऊबहीण कुणी नाही. माणूस म्हणजे डेलच. नाहीतर मग टेकडीवरचा वृद्धाश्रम. तिथे तुम्हाला कधी ठेवणार नाही, असा शब्द डेलने बापाला दिला होता.

“परवाना दे, झेरॉक्स काढतो,” म्हणत वेंडेलने कार्ड घेतलं, पुढून पाहिलं, मागून पाहिलं आणि चष्मा लावून परत पाहिलं.

“डेल, हे काय आहे?”

मागे एक ओळ होती. हाताने गियर टाकायची अवजड गाडी चालवण्यास मनाई.

“ते... परीक्षा मी ऑटोमॅटिक ट्रकवर दिली होती.”

“अरे, पण आत्ता तर तू...”

“हो.”

“माझ्या चारही गाड्या गियरच्याच आहेत, बाबा. विमावाल्याने ही ओळ वाचली तर तो मलाच खाणीत गाडेल.” वेंडेलने टोपी काढून डोकं खाजवलं. “पट्टीचा पोहणारा तू, आणि पाण्यात पाय घालणार नाही असं सरकारला लिहून देऊन आलास!”

हातातोंडाशी आलेला घास गेला. गेला म्हणण्यापेक्षा डेलने तो स्वतःच्या हाताने सांडला होता, आणि हेच त्याला घरी जाताना सहा मैल खात राहिलं.

तो कामाला होता तो खुर्च्यांचा कारखाना बंद पडला तेव्हा तो सेहेचाळीस वर्षांचा होता. ड्रायव्हिंगच्या शाळेत गियरचा एकच म्हातारा ट्रक उरला होता, आणि त्यावर परीक्षा द्यायची तर सहा आठवडे थांबा म्हणाले. मास्तर म्हणाला, “आता कुठे राहिलेत गियर? पुढच्या मंगळवारी ऑटोमॅटिकवर दे अन् मोकळा हो.” त्या रात्री सूप पिता पिता ऑर्विल म्हणाला होता, “थांब सहा आठवडे. नव्या गाड्या लांब जातात, पोरा. गावातल्या कामाला जुन्याच गाड्या असतात.” बत्तीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस बोलत होता. डेलने काय उत्तर द्यावं? “बाबा, तुमचा काळ गेला.”

घरी येऊन त्याने सगळं सांगितलं. ऑर्विलने ऐकून घेतलं.

“गियर कसे पडले?”

“चांगले पडले.”

“तिसऱ्यावरून चौथ्यावर घाई करतोस तू.”

“आज नाही केली.”

“मग ठीक आहे,” म्हणून म्हातारा मक्याच्या पावाला लोणी लावायला लागला. मी सांगितलं होतं, असं एका शब्दाने म्हणाला नाही. म्हणाला असता तर डेलला बरं वाटलं असतं.

ओळ काढायची तर गियरच्या ट्रकवर पुन्हा परीक्षा. शाळेने तो म्हातारा ट्रक मधल्या काळात विकून टाकला होता. दोन तासांवरच्या दुसऱ्या शाळेत सात आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. वेंडेल एक आठवडा थांबतो म्हणाला होता. भला माणूस, अडीच आठवडे थांबला. मग त्याचा फोन आला. “काय करू, डेल? पुलाचं काम सुरू झालंय. रोज खडी मागतात. घेतला मी एक जण.”

“तुमची काही चूक नाही,” डेल म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑर्विलच्या पलंगावर बॅग भरलेली होती. वर घडी घातलेला स्वेटर.

“माझी भरून झाली. आता तू तुझी भर. त्या लांबच्या कंपनीला फोन कर.”

“बाबा, मी शब्द दिलाय तुम्हाला.”

“तो मी परत देतोय. दोन वर्षं चालव. मग हेच लोक दारात येतील.”

“अन् तोवर तुम्ही?”

“मी कुठे पळतोय? पळता येत असतं तर काय पाहिजे होतं!” ऑर्विल हसला, मग खिडकीकडे बघत म्हणाला, “तुझ्या लहानपणी मी तरी किती रात्री घरी होतो रे? तुझी आई म्हणायची, पोरगं तुला पाहुणा समजतं. मला राग यायचा. पण खरंच होतं ते.”

तसं काही नव्हतं हो बाबा, एवढंच म्हणायचं होतं. डेलला ते सुचलं बारा दिवसांनी, दूर नेब्रास्कात, कंपनीचा ट्रक घेऊन डिझेलच्या रांगेत उभा असताना.

सप्टेंबरात त्याची चौथी सुट्टी संपली तेव्हा तो मागचा ट्रेलर कंपनीच्या तळावर सोडून ट्रकचं नुसतं पुढचं धड घेऊन टेकडीवर आला. वृद्धाश्रमाच्या आवारात तो निळा ट्रक फार मोठा दिसत होता. निरोप घेऊन झाला, तरी ऑर्विल काठी टेकत मागोमाग बाहेर आला.

“चाकं बघितलीस?”

“बघितली सकाळीच.”

“माझ्यासमोर नाही बघितलीस.”

आणि म्हाताऱ्याने काठीने पुढच्या टायरवर ठोका दिला, कान लावून ऐकलं आणि पुढे सरकला. हवा कमी असली की आवाज बसका येतो. दहा चाकं. जोडचाकांतल्या आतल्या चाकापर्यंत काठी पोचवायला त्याला वाकावं लागत होतं, दम लागत होता. डेलने कोपराला हात लावला तर त्याने तो झटकला.

“ऑर्विल, जेवण गार होतंय!” दारातून नर्स ओरडली.

“चार राहिलीत!” तो तिथूनच ओरडला.

डेलला दोन वाजता माल उचलायचा होता. त्याने घड्याळ पाहिलं नाही. दहावं चाक झालं तेव्हा ऑर्विल मडगार्डला टेकून थोडा वेळ नुसताच उभा राहिला.

“चांगली आहेत. निघ. मागे घेताना सांभाळ, कुंपण आहे. मी बघतो.”

डेल वर चढला. आरशात बाप गाडीच्या मागे, बाजूला उभा राहिलेला दिसला. काठी काखेत धरून तो एका हाताने बोलावत होता: ये, ये, अजून ये. डेल इंचाइंचाने मागे येत राहिला. आरशातला म्हातारा जवळ आला, आणखी जवळ आला. मग त्याने तळहात वर केला, बस. डेलने ब्रेक दाबला, स्टिअरिंग वळवलं आणि गाडी उताराला लावली.