अर्धा भरलेला बंब

मित्रांनो, गावच्या सभागृहाच्या मागच्या खोलीत, घडीच्या खुर्च्यांच्या आड चहाचा एक तांब्याचा बंब दिसेल. तो मीच. आता पोचे पडले आहेत. पण मेलबर्नच्या कारखान्यातून नवाकोरा आलो, तेव्हा माझ्यात तोंड पाहून बायका केस सारखे करत.

आमच्या मेंढ्यांच्या मुलखात कुठलंही कार्य चहाशिवाय होत नाही. मला सगळ्यांत आवडे तो नवीन नागरिकांच्या शपथेचा दिवस. भिंतीवर राणीचा फोटो, गळ्यात साखळी घातलेले नगराध्यक्ष आणि इस्त्रीच्या कपड्यांत अवघडून उभी असलेली माणसं. आधी इटलीची आली, मग ग्रीसची, मग व्हिएतनामची. कायदे पाळीन, असं म्हणताना प्रत्येकाचा आवाज थोडा कापायचा. मग प्रत्येकाला बाभळीचं एक रोप आणि माझ्यातला चहा मिळे. काय दिवस होते ते!

नौरोज त्यांतलाच. अफगाणिस्तानातून आलेला, खाटीकखान्यात कामाला. चहा वाटणाऱ्या नॉरीनबाईंनी त्याला पहिल्याच दिवशी टोकलं होतं.

"दूध नको? मग कसला रे तू इथला नागरिक?"

"बाई, शपथेत दुधाचं काही नव्हतं!"

बाई इतक्या हसल्या की चहा बशीत सांडला.

पुढच्या वर्षी एका सकाळी बाई मला घासत होत्या. न्यायालयातला चहाचा बंब बिघडला होता, म्हणून मला तिकडे न्यायचं होतं. तेवढ्यात नौरोज आला. खांद्यावर पिशवी, तिच्यात लोकरीचा स्वेटर, मोजे आणि बायकोने बांधून दिलेल्या रोट्या.

"कुठे निघालास रे एवढा?"

"तुरुंगात," तो म्हणाला. "माझ्या बाभळीला पाणी घालाल ना, बाई?"

त्याने मुकुटाचा शिक्का असलेलं पाकीट पुढे केलं. बाईंनी ते वाचलं आणि कपाळावर हात मारला.

"अरे वेड्या, तुला पकडायला नाही बोलावलंय! ज्युरीत बसायला बोलावलंय. खटला ऐकायचा आणि तो माणूस दोषी आहे की नाही ते तुम्ही बाराजणांनी ठरवायचं."

"पण शिक्का तर राणीचा आहे."

"असू दे. खुद्द राणीलासुद्धा कुणाला उचलून तुरुंगात टाकता येत नाही इथे."

नौरोज खुर्चीवर बसला. "माझ्या भावालाही असंच पाकीट आलं होतं," तो म्हणाला. "दुपारी नेलं, संध्याकाळी शिक्षा. त्याला कुणी काही विचारलंच नाही. परत आला नाही तो."

बाईंनी फडकं बाजूला ठेवलं आणि त्याला चहा करून दिला. मलाही फार वाईट वाटलं. मग त्या हळूच म्हणाल्या, "एवढी भीती वाटते तर इंग्रजी येत नाही म्हणून सांग. सोडून देतात."

त्याने बिनदुधाचा चहा संपवला. "शपथ घेताना येत होतं की, बाई."

तो गेला. पिशवी मात्र बरोबर घेऊन गेला. अजून पुरता विश्वास बसला नसावा.

बोलावलेल्या लोकांतून बाराजण निवडायला न्यायालयात नावांच्या चिठ्ठ्या काढल्या, त्यांत त्याचंही नाव निघालं. मेंढ्या चोरल्याचा आरोप असलेल्या एका पोराचा खटला होता. साक्षी संपल्या आणि बाराजण ज्युरीच्या खोलीत आले, तेव्हा कोपऱ्यात मी होतो. शिपायाने मला अर्धाच भरला होता. "सगळं उघड आहे, जेवणाच्या आत उरकेल," असं तो दाराबाहेर कुणाला तरी सांगत होता. दार लागलं. काहींनी तर खुर्चीवर टेकायच्या आधीच घड्याळ पाहिलं. नौरोजने हात वर केला आणि बोलायची परवानगी मागितली.

पुढचं मी सांगणार नाही. त्या खोलीतलं बोलणं बाहेर न्यायचं नाही असा कायदा आहे, आणि इतक्या शपथा ऐकलेल्या बंबाने तो मोडणं बरं दिसत नाही. एवढं सांगतो, की जेवणाची वेळ टळून गेली. मी तळापर्यंत आटलो. शिपायाने मला पुन्हा भरलं, संध्याकाळी आणखी एकदा भरलं, आणि कुरकुरत का होईना, दिवे लावले.

नॉरीनबाई आता नाहीत. माझ्या जागी बटणाची किटली आली आहे. मला कुणी घासलं तर आवडेल, नाही असं नाही. पण मित्रांनो, एखाद्या दिवशी तुम्हांलाही कुणाच्या आयुष्याचा निर्णय करायला बोलावतील. जा. आणि बसण्याआधी बंब काठोकाठ भरून घ्या.