छपराला नावं ठेवणारे अमृतराव

लातूरच्या बाजारात अमृतरावांनी उभी हयात तुरीची खरेदी केली, पण एकाही मालाला चांगलं म्हटलं नाही. तूर कितीही पिवळीधमक असो, मूठभर उचलायची, नाक मुरडायचं, दाणा चावून थुंकायचा, ‘वलसर हाय’ म्हणायचं आणि मगच भाव बोलायचा, ही त्यांची रीत. माल बेकार म्हटला की भाव उतरतो, एवढं एकच शास्त्र त्यांना येत होतं. त्याच शास्त्राच्या जिवावर त्यांनी नांदेड रोडला मंगल कार्यालय बांधलं.

कार्यालय झकास, पण छप्पर पत्र्याचं. उन्हाळ्यात आत भट्टी पेटायची. मागच्या मे महिन्यात तर एका नवरदेवाला घेरी आली आणि तो अंतरपाटासकट भटजींच्या अंगावर गेला. आता अमृतरावांच्याच मंजुश्रीचं लग्न ठरलं होतं, नांदेडच्या मुलाशी, आणि तेही मे महिन्यातच. उमाबाईंनी नवऱ्याला सरळ सांगून टाकलं, की छप्पर थंड करा, नाहीतर लग्न समोरच्या बसलिंगप्पाच्या एसी हॉलात होईल.

हे ऐकून अमृतरावांना घास गिळवेना. मंजुश्री याच हॉलात सायकल शिकली, याच स्टेजवर खोटी लग्नं लावत मोठी झाली, आणि तिचं खरं लग्न बसलिंगप्पाकडं? गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. शिवाय बसलिंगप्पा ‘तुमच्यासाठी सवलत’ म्हणाला असता, ते वेगळंच.

नांदेडची स्वप्नाली पत्र्यावर ऊन अडवणारा फोम मारायची कामं घेई. अर्धापुरात केळी पिकवायच्या खोल्यांवर तिनंच फोम फवारला होता. तिनं फोनवर अंदाजे भाव सांगितला आणि छप्पर बघून पक्का करते म्हणाली. भाव पक्का व्हायचा आहे म्हटल्यावर अमृतरावांच्या अंगातला व्यापारी जागा झाला. ती यायच्या आदल्या दिवशी त्यांनी कार्यालयाचा राखणदार दगडोबा याला हाताशी धरलं आणि छपराची कळा घालवायला सुरुवात केली. मोडक्या खुर्च्या वर चढवल्या. फाटका शामियाना पसरला. नवरा-नवरीचं तीन पायांचं सिंहासन मधोमध ठेवलं. पत्र्याचे स्क्रू ढिले केले आणि गेरू कालवून जागोजाग फासला, म्हणजे गंज दिसावा. उमाबाईंनी खालून विचारलं, “अवो, छप्पर आपलंच हाय न्हवं?” धंद्यातलं तुला कळत नाही, असं म्हणून अमृतरावांनी आणखी एक डाग मारला.

दुसऱ्या दिवशी स्वप्नाली शिडी चढून वर आली. अमृतराव मागोमाग होतेच. पत्रा सडलाय, स्क्रू राहिले नाहीत, पावसाळ्यात आत छत्री घेऊन जेवतात, असं ते हौसेनं सांगत सुटले. ती मान हलवी, मोबाइलवर काहीतरी टिपून घेई, आणि अमृतरावांना वाटे, उतरला, भाव उतरला.

तिनं आकडा सांगितला. तो फोनवरच्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट होता.

“एवढ्या बेकार मालाला एवढा भाव?”

“काका, मी तुमचं छप्पर विकत घ्यायला न्हाई आले,” स्वप्नाली म्हणाली. “हे जेवढं बेकार, तेवढं माझं काम जास्त.”

मग तिनं नीट समजावलं. गंज घासायची मजुरी वेगळी, सामान उतरवायची वेगळी, पत्रा सडका असेल तर तो बदलावा लागतो, कारण सडक्यावर फोम धरत नाही. थराची जाडी मात्र कमी करता यायची नाही, लातूरचं ऊन कुणाचं ऐकत नाही. अमृतरावांचा चेहरा पडला. आता छपराचं कौतुक करणं भाग होतं, आणि कौतुकाची जिभेला सवय नव्हती.

“तसं... बरं हाय,” ते कसेबसे म्हणाले.

तिनं गंजाकडं बोट दाखवलं. अमृतरावांनी इकडंतिकडं पाहिलं, अंगठ्याला थुंकी लावली आणि गंज पुसून दाखवला. स्वप्नाली इतकी हसली की त्या तीन पायांच्या सिंहासनावर बसली, आणि सिंहासनासकट आडवी झाली.

पुढचे काही दिवस अमृतराव छपरावर झाडू मारताना अख्ख्या नांदेड रोडला दिसले. बसलिंगप्पा गॅलरीत चहा पीत मजा बघत होता. लाज वाटली, पण अमृतरावांनी झाडू सोडला नाही. पत्रा धुतला, स्क्रू आवळले, तेव्हा भाव फोनवरच्या आकड्यावर आला. फोम फुगला, वर पांढरा रंग बसला.

लग्न भर दुपारी लागलं. बाहेर डांबर चिकटत होतं आणि आत गारवा. जेवणं झाली, आणि ‘जरा टेकतो’ म्हणत नांदेडचं वऱ्हाड सतरंजीवर आडवं झालं ते उठेचना. व्याही घोरत होते. नवरदेव फेट्यासकट लवंडला होता. नवरीच्या पाठवणीची वेळ टळून गेली.

उमाबाई पाहुण्यांना उठवा म्हणून मागे लागल्या. दगडोबा बँडवाल्यांना हाक मारायला निघाला, तसा अमृतरावांनी त्याचा हात धरला. मंजुश्री बापाच्या शेजारी येऊन बसली होती.

“झोपू दे त्यांना,” ते म्हणाले. “लई लांबून आलेत.”

नांदेड काही तेवढं लांब नाही. पण त्या दिवशी अमृतरावांना ते फार लांब वाटत होतं.