पाच नंबरची नळी

तिने पाच नंबरच्या नळीचं झाकण काढलं आणि तारेला बांधलेला सेन्सर आत सोडला. वाळूच्या त्या टेकडीवर अशा बऱ्याच नळ्या उभ्या पुरल्या होत्या. कुठल्या खोलीवर किती ओल आहे आणि ती किती काळ टिकते, हे मोजणं तिचं काम. आज मात्र शेवटचं मोजून ही नळी उपटायची होती. तिचे आकडे बिघडले होते आणि साहेबांचा तसा हुकूम होता.

बिघडवले होते बाबांनी. आई गेल्यावर घरात करमेना म्हणून ते तिच्याबरोबर यायचे, या नळीशेजारी खुर्ची टाकून बसायचे आणि तिची पाठ वळली की प्यायच्या बाटलीतलं पाणी नळीभोवती ओतायचे. एकदा तिने रंगेहाथ पकडलं.

"बाबा, हे काय करताय?"

"अगं, रोज उन्हातान्हात येऊन बघतेस. काहीच उगवत नाही. जीव तुटतो माझा."

तिला खरं तर हसू यायला हवं होतं. पण ती चारचौघांत त्यांच्यावर खेकसली.

"डोकं ठिकाणावर आहे का? सगळ्या कामाचं वाटोळं केलंत."

दुसऱ्या दिवसापासून बाबा घरीच राहिले. गुडघा दुखतो म्हणाले. गुडघ्याचं काही नाही हे तिला कळत होतं, तरी आज समजूत काढू, उद्या काढू, असं करत राहिली. मग एका सकाळी ते उठलेच नाहीत. तेव्हाही तिने डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. पोरीचं काळीज दगडाचं आहे, असं मावशी म्हणाली.

सेन्सर खाली सरकत होता. वर कोरडं. हातभर खालीही कोरडं. बाबांचं पाणी उडूनही गेलं, तिला वाटलं. तिने तार पार तळापर्यंत सोडली आणि आकडा चढला. सेन्सर वर ओढून पुसला, पुन्हा सोडला. तोच आकडा.

फोन वाजला.

"काढली का नळी?" साहेबांनी विचारलं.

"नाही, सर. तळाशी ओल आहे."

"ओल? पाऊस कुठे झालाय?"

"बाबांनी घातलेलं पाणी आहे. आत्ता पोचलंय."



"टिकेल?"

"टिकेल. वरची वाळू सुकलीय, आता उन्हाला ते सहजी सापडायचं नाही."

"मग राहू दे ती नळी."

तिने झाकण लावलं. पुढच्या नळीकडे जायचं होतं, पण खुर्ची असायची तिथेच ती वाळूत बसली. मग तिला रडू आलं, आणि ते लवकर थांबलं नाही.