राणीच्या गालावरचा चरा

लक्ष्मणराव सोनाराच्या घरी काहीही निघो, बारसं, वास्तू, नाहीतर पोरगा पास झाल्याचा चहा, सुलोचना तिथे हजर. धुवट लुगडं नेसायची, ताटात हळदकुंकू आणि खण, आणि खणावर मधोमध एक चांदीचा रुपया. आताचा नव्हे, इंग्रजांच्या वेळचा, राणीछाप कलदार. साऱ्या नाचणगावात असा आहेर दुसरं कुणी करत नव्हतं. बायका म्हणत, हिचा हात मोठा. सोनाराची बायको सुमित्राबाई तर हरखून जायची.

"वाजवून घ्या लक्ष्मणभाऊ," सुलोचना दर वेळी म्हणायची.

"घरच्या मानसाचं काय वाजवाचं?" लक्ष्मणराव दर वेळी म्हणायचे, आणि खांद्यावरच्या रुमालाने कपाळ पुसायचे.

ते कपाळ पुसणं बघायलाच ती जात होती. कारण तो रुपया खोटा होता, तो लक्ष्मणरावांनी स्वतःच्या हाताने ओतलेला होता, आणि हे त्या मांडवात दोघांनाच ठाऊक होतं.

झालं होतं असं. सुलोचनाची सासू देवकाबाई. तिच्याकडे एकवीस कलदारांची माळ होती. बँका गावात यायच्या आधी बायका पैसा गळ्यातच ठेवायच्या. प्रत्येक रुपयाला सोनाराकडून कडी डाकून घ्यायची आणि रेशमाच्या गोफात ओवायचा. अडलं की एक सोडायचा, दिवस फिरले की परत ओवायचा. माळ म्हणजे दागिनाही तोच आणि तिजोरीही तीच. देवकाबाईला अक्षर येत नव्हतं, पण एकवीसच्या एकवीस रुपये ती बोटांनी ओळखायची. एक तिच्या आईने तिच्या लहानपणी कमरेला बांधलेला, त्याचं भोक पुढे तांब्याने बुजवलेलं. एकाची कड मुसळाखाली चेपलेली. एकावर राणीच्या गालाला आडवा चरा. कुण्या संशयी म्हाताऱ्याने चांदी आतून खरी आहे का ते बघायला छिन्नी मारली होती.

एक्क्याण्णवच्या दिवाळीआधी ही माळ उजाळायला टाकायची होती. घेऊन गेली सुलोचना. आठवड्याने आणायलाही तीच गेली. माळ कशी लखलखीत आली! देवकाबाईच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरला होता आणि चुलीवर कढई होती. तिने माळ तळहातावर जोखली, वजन बरोबर वाटलं, फडक्यात बांधून पेटीत टाकली. घात तिथे झाला. एरवी जी बाई रुपयाला बोट लावल्याशिवाय बाजूला ठेवत नसे, तिने त्या दिवशी अनारशांच्या नादात बोट लावलं नाही.

चार वर्षांनी लेकीकडच्या नातीच्या, रीताच्या लग्नात द्यायला माळेतले दोन रुपये सोडवले आणि वर्ध्याच्या सराफाने ते दगडावर टाकले. ठक्क. लाकूड पडावं तसा आवाज. मग सगळी माळच उलगडली. वीस रुपये जर्मन सिल्व्हरचे, चांदीचा कण नसलेले. खरा फक्त मधला, कारण घेणारा माणूस माळेतला मधलाच वाजवून बघतो, आणि हे ज्याने केलं त्याला ते बरोबर माहीत होतं.

देवकाबाईने मग एकेक रुपया चाचपला. तांब्याने बुजवलेलं भोक नाही, चेपलेली कड नाही. "माहे रुपये बदलले," ती म्हणाली, आणि ते अगदी खरं होतं. बदलले कुणी, एवढंच तिने चुकीचं ठरवलं. लक्ष्मणरावांना घरी बोलावलं. त्यांनी पिशवीतून आपला सोनं तोलायचा काटा काढला, पाटावर मांडला आणि त्याच्या दांडीवर उजवा हात ठेवला. "जसे आले तसे देल्ले. मंग घरात काय झालं मले काय ठाव." सोनाराने काट्यावर हात ठेवला की पुढे बोलायचं नसतं. काट्यावर खोटं बोललं तर भट्टी विझते म्हणतात. लक्ष्मणरावांची भट्टी चांगली धडधडत होती.

मग उरलं कोण? माळ नेली सुलोचनाने, आणली सुलोचनाने. त्यात तिच्या भावाने हिंगणीला त्याच साली पिठाची गिरणी टाकलेली. झाला हिशेब! देवकाबाईने खोटी माळ, मधल्या खऱ्या रुपयासकट, तिच्या अंगावर फेकली. "चोट्टे, घाल गळ्यात." कमरेचा चाव्यांचा जुडगा त्या दिवशी सुलोचनाकडून गेला तो गेलाच. वाटीभर साखर काढायची तरी सासूला हाक मारायची. नात्यातल्या लग्नात नवरीचे दागिने ज्या खोलीत असतील तिथे तिला पाठवायचं नाही. लेकरं मोठी झाली तीही हे बघतच.

ती माळ घेऊन सुलोचना एका दुपारी परसात बसली आणि तिला दिसलं. वीसच्या वीस राण्यांच्या गालावर तोच चरा, त्याच जागी, तेवढाच. एकाच रुपयाचा साचा घेऊन वीस ओतले होते. सोनाराने घाई केली होती, साच्यासाठी घेतला तोही नेमका चरा पडलेला. ती धावत घरच्या किराणा दुकानात गेली. नवरा रूपराव तेलाचे डबे उतरवून घेत होता.

"चूप राह्यजो," तो म्हणाला. "त्यानं काट्यावर हात ठेवला. गावात बोंब झाली तं इज्जत आपलीच जाईन. आतापरेंत घरातली गोष्ट घरातच हाये."

गोष्ट घरातच राहिली. गावाला माळेचं काही कळलं नाही. तिथून सुलोचनाने तोंड मिटलं आणि डोकं चालवलं. लक्ष्मणरावांची रक्षा तेव्हा तेरा वर्षांची होती. आज ना उद्या तिचं लग्न होणार, सराफाच्याच घरात होणार, आणि त्यांच्यात रीत अशी की आईकडची चांदी नवरीच्या गळ्यात पडायच्या आधी मुलाचा बाप भर मांडवात पाट्यावर वाजवून घेतो. ठीक आहे, सुलोचना मनाशी म्हणाली. वाजू दे.

म्हणून तो आहेर, माळेतल्या एकेका खोट्या रुपयाची कडी काढून. पहिला रुपया ताटात पाहिला तेव्हा लक्ष्मणरावांचा चेहरा राखेसारखा झाला. खोटा आहे म्हणावं, तर तू कसं ओळखलंस, हा प्रश्न आलाच. घ्यावा, तर आपलंच पाप आपल्या देव्हाऱ्यात. घेतला बिचाऱ्यांनी! मग नऊ वर्षं घेत राहिले. सुमित्राबाई ते रुपये चिंचेने घासून आपल्या कुंकवाच्या डब्यात ठेवायची आणि डब्याला हात लावू द्यायची नाही. "रक्षाच्या लग्नात याची माळ करीन," ती सांगायची. सुलोचना म्हणायची, "कराच."

दोन हजार पाच साली वीस पुरे झाले. रक्षाचं लग्न आर्वीच्या वासुदेवराव सराफांच्या मुलाशी ठरलं. हळदीच्या दिवशी पोरगी मेंदीचे हात दाखवायला आली, "पाह्य ना मावशी," म्हणाली, तेव्हा सुलोचनाने ते हात उलटसुलट करून पाहिले. हिचं काय चुकलं? पण मग तिला वाटलं, माझं तरी काय चुकलं होतं? आणि तिने पोरीचे हात सोडले.

लग्नाला ती देवकाबाईला सोबत घेऊन गेली. म्हातारी ऐंशीची, डोळे जवळपास गेलेले, कान मात्र शाबूत. सुलोचनाने तिला पाट्याच्या अगदी जवळ बसवलं. पदराच्या गाठीत एकविसावा, खरा रुपया होता. वासुदेवरावांनी माळ हातात घेतली, काटा मांडला, वजन केलं. मग एकेक रुपया पाट्यावर आपटायला सुरुवात केली.

खण्ण.

सुलोचनाला वाटलं आपले कान वाजले.

खण्ण. खण्ण. वीसच्या वीस. देवळातल्या घंटेसारखे. तिने लक्ष्मणरावांकडे पाहिलं. रुमाल खांद्यावर होता, कपाळ कोरडं होतं, आणि तो माणूस हसत होता. महिनाभरापूर्वी सुमित्राबाईने रुपये कड्या बसवायला त्याच्याच हातात दिले होते. त्याने खोटे भट्टीत टाकले आणि खरे ओवले. नऊ वर्षं तिने विणलेलं जाळं त्याने एका बैठकीत उसवलं होतं.

"मले पायू द्या," देवकाबाई एकाएकी म्हणाली. वासुदेवरावांना वाटलं म्हातारी आशीर्वादाला हात लावते आहे, त्यांनी माळ तिच्या ओंजळीत दिली. म्हातारीची बोटं एका रुपयावरून दुसऱ्यावर सरकली आणि थांबली. तांब्याने बुजवलेलं भोक. पुढे चेपलेली कड. कलदार वितळवला तर नुसती चांदी, अख्खा ठेवला तर भाव जास्त. म्हणून लक्ष्मणरावाने चोरलेले रुपये चौदा वर्षं जपून ठेवले होते. दुसरे वीस विकत घ्यायला त्याचा हात धजला नाही.

"हे माही माळ हाये!" म्हातारी ओरडली. मग तिने बाजूला बसलेल्या सुनेचं मनगट पकडलं. "चोट्टे! माहे रुपये लपवून ठेवले अन सोनाराच्या घरी वाटत फिरली? मले खोटे, अन याइले खरे?"

घरात दडवलेली गोष्ट आता चारशे माणसांत पडली होती, आणि चोर म्हणून सुलोचनाच उभी होती. साऱ्या गावाने तिला ते रुपये देताना पाहिलं होतं. आपणच खणलेल्या खड्ड्यात आपण, असं तिला झालं.

"जाऊ द्या देवकाबाई," लक्ष्मणराव मोठ्या मनाने म्हणाले. "सून हाये. झाली असंन चूक. मंगल कार्यात कायले?"

त्याने तिला माफ केलं! त्या माणसाने! सुलोचनाला तेव्हा जे वाटलं त्याला राग म्हणणं म्हणजे काहीच नाही. पण ती तोंड उघडणार तेवढ्यात सुमित्राबाई पुढे वाकली, माळ उलटसुलट केली आणि भाबडेपणाने बोलली.

"पन हे रुपये सुलोचनाबाईचे नाईतच. तिच्या हरएक राणीच्या गालावर चरा होता. नऊ वर्सं घासले ना मी. इथं तं एकाच रुपयावर हाये."

"हो नं," मुंडावळ्या सावरत रक्षा म्हणाली, "मी त्याइले गालकटी राणी म्हनत होती."

"अहो," सुमित्राबाई नवऱ्याकडे वळली, "कड्या बसवाले वीस गालकट्या देल्ल्या होत्या तुमच्यापाशी. त्या कुठं गेल्या?"

लक्ष्मणरावांनी रुमाल घेतला. सुलोचनाने पदराची गाठ सोडली. एकविसावा रुपया पाट्यावर टाकला. खण्ण. बाकीच्या विसांसारखाच.

"हा मदातला," ती म्हणाली. "याले तुमी माळेतच सोडलं होतं, कारन मदातला वाजवून पायतात. मी देत होती ते तुमी ओतलेले. आज ओवले ते तुमी चोरलेले. खोटं असंन तं हा काटा इथंच मांडला हाये लक्ष्मणभाऊ. ठेवा हात."

वासुदेवरावांनी काटा त्यांच्याकडे सरकवला. लक्ष्मणरावांनी हात उचलला. तो काट्यापर्यंत आला आणि परत मांडीवर गेला. चारशे माणसांनी ते पाहिलं.

वासुदेवरावांनी माळ उचलून देवकाबाईच्या पदरात ठेवली. "पोरीचा दोष नाई, लग्न लागन," ते म्हणाले. "पन या हातचं कन्यादान आमाले नको. मामाले बसवा." लक्ष्मणराव उठले आणि स्वतःच्या लेकीच्या मांडवातून माणसांमधून वाट काढत बाहेर गेले. कुणी वाट दिली नाही, कुणी अडवलंही नाही. रक्षा रडत होती. सुलोचनाला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण बरं त्याहून जास्त वाटलं, आणि त्याची तिला लाज वाटली नाही.

देवकाबाईने कमरेचा जुडगा सोडला आणि सुनेपुढे धरला. रूपराव मागे मान खाली घालून उभा होता.

"चाब्या मंग," सुलोचना म्हणाली. "मघाशी चोट्टी म्हनालात, ते सगळ्याइनं आयकलं. आता चोर कोन ते सांगा."

म्हातारीचे ओठ हलले. "सोनार," ती पुटपुटली. "तू नाई."

"आयकू नाई आलं आत्याबाई," सुलोचना म्हणाली. "मोठ्यानं."