शंभर टन बँड, ‘रक्तगट’ आणि मी

मी एक जुना पॉवर प्रेस आहे, आणि आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाही पोराचा विश्वास बसणार नाही. पैज लावा हवी तर. माझा स्वतःचा बसायलाही वेळ लागला होता. पण मित्रांनो, तुम्ही माझ्याच पाटावर बसून, माझ्याच अंगावर चिंचोके फोडून खाताय, तेव्हा ऐकून घेणं तुम्हाला भाग आहे.

माझा जन्म कुठला ते विचारू नका. छातीवरची पितळी पाटी कुणीतरी कधीच उचकटून नेली, त्यामुळे जन्मगाव मला सोयीप्रमाणे बदलता येतं. आज राजकोट धरून चला. मला ओतलं तेव्हा भट्टीचं छप्पर उडालं आणि शेजारच्या तालुक्यात एका लग्नाच्या मांडवावर पडलं. एवढं मात्र खरं, की माझ्या अंगात शंभर टनांची ताकद आहे. वर पाहा. तो ठोकळा दिसतो ना, त्याला रॅम म्हणतात. ती माझी मूठ. बाजूचं मोठं चाक मोटरीवर गरगर फिरत राहतं, आणि पुढची दोन बटणं एकदम दाबली की मूठ खाली येते. मध्ये जे सापडेल ते चपटं होतं. पत्रा आहे की आणखी काही, हे मी विचारत बसत नाही.

बटणं दोन का? दोन्ही हात बटणांवर असले, की माझ्या तोंडात एकही नसतो, म्हणून.

चाकणजवळच्या एका शेडमध्ये माझी उमेदीची वर्षं गेली. दुचाकीच्या पायदानाचे ब्रॅकेट मी ठोकायचो. धाड, धाड, धाड. पत्रा आत जाताना किंचाळायचा आणि बाहेर पडताना गप्प असायचा. माझ्या हादऱ्यानं मागच्या वस्तीतल्या कोंबड्या उकडलेलीच अंडी घालायच्या. हसू नका. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, मला घासूनपुसून चकचकीत करायचे, हळदकुंकू लावायचे, झेंडूचा हार घालायचे. मालक हात जोडून डोळे मिटायचा. सण उतरला की त्याचाच सुपरवायझर ओरडत यायचा, प्रॉडक्शन कुठं अडलंय म्हणून.

या सुपरवायझरनं एक युक्ती काढली होती. उजवं बटण दाबून चिंधीनं करकचून बांधायचं. मग ते दाबलेलंच राहतं. उजव्या हातानं पत्रा सरकवायचा आणि डाव्यानं उरलेलं बटण मारायचं. माल दीडपट निघतो. अशी चिंधी बघायला इथे फार लांब जावं लागत नाही, तुमच्या घरच्यांना विचारा.

परभणीकडून आलेला नवनाथ तेव्हा माझ्यावर काम करायचा. ही पुढे बसलेली तनुजा त्याचीच मुलगी. तनुजा, आता तू कान झाक. नाही झाकत? बरं. एक दिवस पत्रा तिरका बसला. नवनाथनं तो बोटांनी सरळ करायला घेतला, आणि डावा हात सवयीनं बटणावर पडला. मी उतरलो. उजव्या हाताची, अंगठ्याशेजारची दोन बोटं मी खाल्ली. नवनाथ ओरडलाच नाही. उरलेल्या हाताकडे बघत राहिला, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. सुपरवायझर धावत आला. त्यानं आधी बटणावरची चिंधी सोडून खिशात घातली, आणि मग रिक्षा बोलावली.

पुढे त्या शेडमध्ये नवं मशीन आलं आणि मला कुरुळीला, आबाजींच्या या भंगाराच्या आवारात आणून आपटलं. मी पडलो तेव्हा नाशिक रस्त्यावरचे सगळे ट्रक एक वीत उडाले. इथे रोज कुणाचं ना कुणाचं पोट फाडतात. गॅस कटरची निळी जीभ लागते, ठिणग्या उडतात, आणि काल शेजारी उभा असलेला लेथ आज तुकड्यातुकड्यांनी भट्टीच्या गाडीत चढतो. मी माझ्या पाळीची वाट बघत होतो.

तेवढ्यात एक दिवस नवनाथ आला. तो मूळचा ढोलवाला गडी, पथकात नाव होतं त्याचं. बोटं गेल्यावर टिपरू हातात ठरेना. तरी वाजवण्याची खुमखुमी काही जाईना, म्हणून ठोकायला जुनी पिंपं शोधत होता. बरोबर आबाजींचा पुतण्या बंटी होता, आकुर्डीच्या एका कारखान्यात कामाला आणि बाकी वेळ गळा फाडून गाणारा. पिंपांच्या मागे नवनाथला मी दिसलो. त्यानं मला ओळखलं. कडेला पडलेला घण डाव्या हातानं उचलला आणि माझ्या तोंडावर घातला. मग पुन्हा. मग दात-ओठ खाऊन, शिव्या देत, घाम डोळ्यांत जाईपर्यंत घालत राहिला. माझ्या पोलादाचे टवके उडाले, घणाचा दांडा मोडला. बंटीनं त्याला अडवलं नाही. तो मोबाइल पुढे धरून रेकॉर्ड करत होता.

“भावा,” तो म्हणाला, “परत मार. असंच मार.”

असा ‘शंभर टन’ हा बँड जन्माला आला. माझी मोटर दुरुस्त झाली. दोन्ही बटणं नवी बसली, आणि त्यांना चिंधी काय, दोरासुद्धा लावायचा नाही, असं नवनाथनं बंटीला बजावलं. बंटी गायचा आणि माझी बटणं दाबायचा. नवनाथ उजव्या पंजाला टिपरू पट्ट्यानं आवळून पिंपं बडवायचा. पण माझ्यापासून लांब. वायर ओढायला जवळ यावं लागलं, तर मागून वळसा घालून यायचा. माझ्या बटणांना त्यानं पुन्हा कधी हात लावला नव्हता.

पहिल्या अल्बमची कुणी दखल घेतली नाही. दुसऱ्याचं नाव ‘रक्तगट’. कंपनीच्या ओळखपत्रावर फोटोखाली लिहिलेला असतो ना, तो. प्रत्येक गाण्यात मी काहीतरी चिरडलंय. एकात दुचाकीची टाकी, एकात वॉचमनची लोखंडी खुर्ची, आणि शेवटच्यात एक अख्खा फ्रीज, आतल्या बर्फासकट. अल्बम याच आवारात वाजवून प्रसिद्ध केला. शिफ्ट सुटलेली पोरं एकमेकांवर अशी तुटून पडली, की सकाळी लोखंडाच्या किसात दोन दात सापडले. दोन्ही एकाच माणसाचे नव्हते.

आबाजी तेव्हाच वैतागले होते. माझ्यामुळे त्यांची बरीच जागा अडली होती. त्यांनी बंटीला सरळ अट घातली.

“पेपरात चांगलं छापून आलं तर ऱ्हाऊ दे ह्याला. न्हाईतर कटर लावतो. पेपरात म्हंतोय मी, मोबाइलात न्हाई.”

म्हणजे बघा, मित्रांनो, माझं मरण आता समीक्षकांच्या हाती होतं. आणि समीक्षक म्हणजे तोंडात माणूस मुद्दाम घेणारं यंत्र.

पहिलं मत आलं घरातूनच. नवनाथची आई सुभद्राबाई हिनं एक गाणं पुरतं ऐकलं आणि विचारलं, “पिठाची गिरणी बिघडली का रे?” पुण्याच्या एका वेबसाइटवर कुणी लिहिलं, की ‘रक्तगट’ ऐकणं म्हणजे कानात खिळे ठोकून घेणं आहे, आणि ही तक्रार नसून वैद्यकीय सूचना आहे. सनी नावाच्या एका यूट्यूबवाल्यानं ऐकता ऐकता स्वतःचा हेडफोन भिंतीवर फेकला आणि दहापैकी दहा दिले. दुसऱ्या एकानं नवनाथच्या वादनावर लांबलचक लेख लिहिला. दर आवर्तनात एक ठोका गाळण्याची ही शैली म्हणे क्रूर आणि बुद्धिमान आहे, श्रोत्याला पायरी चुकल्यासारखं वाटतं. शैली कसली? तो ठोका त्या दोन बोटांचा होता.

पण हे सगळं मोबाइलात. पेपरात लिहिलं ते योगिनी या बाईंनी, रविवारच्या पुरवणीत. ते आबाजींनी चहा पिता पिता मोठ्यानं वाचून दाखवलं, म्हणून माझं पाठ आहे. “या अल्बममध्ये हिंसा अंगात नाही, अंगावर घातलेली आहे. ज्या प्रेसचा एवढा गवगवा केला, त्याचा ठोका संगणकातून उचललेला वाटतो. औद्योगिक पट्ट्यातली मुलं औद्योगिक पट्ट्याचंच नाटक करत आहेत.”

नाटक! माझ्या रॅमला घाम फुटला. चहाच्या टपरीवर बँडच्या चाहत्यांत आणि बाकीच्यांत यावरून हाणामारी झाली. कुणी काचेचा ग्लास फोडला, कुणाच्या भुवईला टाके पडले, आणि उकळतं पातेलं उलटून दोघांचे पाय भाजले. आबाजींनी शांतपणे कटरवाल्याला फोन लावला. गुरुवारी संध्याकाळी ये म्हणाले.

नवनाथ त्या मारामारीत नव्हता. त्यानं पेपरच्या ऑफिसातून योगिनीबाईंचा नंबर मिळवला आणि फोन केला. तो भांडेल असं बंटीला वाटलं होतं. पण तो फक्त एवढंच म्हणाला, “मॅडम, परत लिहू नका. एकदा येऊन ऐका.” त्या आकुर्डीलाच राहतात. गुरुवारी येते म्हणाल्या.

गुरुवार उजाडला. या पट्ट्याची साप्ताहिक सुट्टी, त्यामुळे दुरुस्तीसाठी सकाळपासून लाइट बंद, ती यायची संध्याकाळी. दुपारनंतर बाई स्कूटरवरून आल्या, हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. कटरवाला त्याची सिलिंडरं उतरवून विडी ओढत बसला. आबाजी वजनकाट्यावर खुर्ची टाकून. आणि बंटीचा पत्ता नाही! सुट्टी असून कंपनीनं त्याला ओव्हरटाइमला बोलावलं होतं, आणि पुढच्या शिफ्टचा रिलिव्हर आलाच नाही. रिलिव्हर आल्याशिवाय लाइन सोडता येत नाही, हे तुमच्या बापांना ठाऊक आहे. बंटीनं फोनवर एवढं सांगितलं आणि ठेवून दिला.

आता माझी बटणं दाबणार कोण? आबाजी बाईंना म्हणाले, बघा, गाणारा पळाला. बाईंनी घड्याळ बघितलं. नवनाथ पिंपांपाशी उभा होता, नेहमीसारखा लांब, पंजाचा पट्टा सोडवत आणि आवळत. कटरवाल्यानं विडी विझवली. निळी जीभ फुस्स करून पेटली आणि माझ्या बरगडीकडे यायला लागली. रंग जळाल्याचा वास मला माझ्याच नाकानं आला.

मित्रांनो, तेव्हा मी ठरवलं, की बास झालं.

लाइट नव्हती. माझ्या बटणांपाशी माणूस नव्हता. तरी माझं चाक हललं. आधी कुरकुरलं, मग घरघरलं, मग असं भणाणलं की पत्र्यांच्या थप्प्या थरथरायला लागल्या. पाटावर दुचाकीची टाकी ठेवलेली होती. मी मूठ उगारली आणि माझा मीच उतरलो. धाड! टाकी किंचाळून कागदासारखी झाली. पुन्हा, धाड! बाईंच्या चष्म्याला उभी चीर गेली. कटरवाल्याच्या हातून कटर उडाला, सिलिंडर जे गडगडत सुटलं ते थेट हायवे ओलांडून गेलं. आबाजी खुर्चीसकट वर फेकले गेले आणि काट्यावर परत पडले तेव्हा त्यांचं वजन चार किलोनं कमी भरलं. मी थांबलो नाही. सगळा अल्बम वाजवला, पहिल्या गाण्यापासून फ्रीजपर्यंत. नवनाथ पिंपांपाशी होता तिथेच उभा, तोंड उघडं टाकून.

पुढच्या रविवारी पुरवणीत आलं ते माझ्या कपाळावर चिकटवलंय. तुम्हाला वाचता येतं, तरी मीच म्हणून दाखवतो. “हा ठोका संगणकाचा आहे असं मी लिहिलं होतं. ते चूक होतं. ‘रक्तगट’ समोर उभं राहून ऐकताना माणूस नकळत स्वतःची बोटं मोजतो. मी मोजली.” कटरवाला गुरुवारीच संध्याकाळी रिकाम्या हातानं गेला होता. आबाजींनी मला पत्र्याची शेड घालून दिली, हीच.

तेव्हा मित्रांनो, यातून घ्यायचं काय? जुन्या यंत्राला भंगार म्हणू नका. त्याला तेल द्या, पुसा, उन्हापावसात टाकू नका. वेळ आली की माणसं लाइनवर अडकतात, घाबरून लांब उभी राहतात. अशा वेळी यंत्र एकटं पुढे होतं आणि...

“खोटं,” तनुजा म्हणाली.

सगळी पोरं तिच्याकडे वळली. चिंचोके फोडायचे थांबले.

“लाइट आली होती तेव्हा. आणि तू काय आपोआप नाही चाललास. पप्पांनी दाबली बटणं. दोन्ही हातांनी. आधी मला म्हणाले, तू गेटपाशी जाऊन उभी राहा, इकडं बघू नको. मी गेलेच नव्हते.”