डब्याची हाक

काठावर अर्धवट खाल्लेला सहावा मासा दिसला आणि तळ्याच्या काकीचं डोकं फिरलं. पोटाचा मऊ भाग तेवढा खाल्लेला, बाकीचा तसाच टाकलेला.

“खायचं तर पुरतं खा की मेल्यांनो! उष्टं कुणासाठी ठेवता?”

गळ टाकून बसलेली दोन गिऱ्हाइकं दचकली. काकी कुणाला बोलतेय ते कळल्यावर पुन्हा गळाकडे बघू लागली.

तळं काकीचं. नवऱ्याने खणलेलं, दोघांनी मिळून माशांची पिल्लं सोडून भरलेलं. गळाचे शौकीन लांबून यायचे, दिवसभर बसायचे, मासा धरून फोटो काढायचे आणि परत पाण्यात सोडायचे. सगळं सुरळीत चाललं होतं. मग प्राणी खात्याने शेजारच्या नदीत पाणमांजरं आणून सोडली. पूर्वी इथे होती म्हणे, मधे नाहीशी झाली, आता परत आणली. भाषणं झाली, टाळ्या झाल्या. काकीनेही वाजवल्या. आयत्या बिळावर नागोबा येणार, हे तिला काय ठाऊक!

बाकीचे मासे गेले तर पुन्हा सोडता आले असते. काकीचा जीव अडकला होता थोरलीत. थोरली म्हणजे तळ्यातली सगळ्यात जुनी मादी, पाठीवर पांढरा डाग असलेली. नवऱ्याने ओंजळीतून सोडली तेव्हा बोटाएवढी होती, आता हातभर झाली होती. तळ्यातली निम्मी प्रजा तिच्याच पोटची. आणि नवरा गेल्यावर त्याच्या हातचं जिवंत असं तेवढंच उरलं होतं.

दुपारी धाकटा दीर पुडी घेऊन आला. “वहिनी, चार माशांत हे भरून काठावर टाकू. दोन दिवसांत पीडा टळेल.”

“विष? माझ्या तळ्याला?” काकीने पुडी उचलून त्याच्याच खिशात कोंबली. “आधी तू खाऊन दाखव. आणि परत असलं काही आणलंस तर तुलाच पाण्यात बुडवीन.”

दीर पाय आपटत गेला. काकी गेली प्राणी खात्याच्या कचेरीत. मागणी एकच होती: तळ्याभोवती जाळी लावायची परवानगी.

साहेबांनी कागदावरून नजरही उचलली नाही. “जाळी नाही मिळायची, बाई. जनावराची वाट अडते. ते पूर्वापार इथलंच. तळं तुम्ही मागाहून केलंत. आता सवय करून घ्या. आणि जरा बघा तरी, जनावर नेमकं तुमच्याच तळ्यावर का येतं!”

आपलीच मोरी आणि मुतायची चोरी! काकी रस्ताभर बडबडत घरी आली. पण ते शेवटचं वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिने नेहमीसारखा डबा वाजवला. ही नवऱ्याने घालून दिलेली पद्धत. पत्र्याच्या डब्यावर पळीचे ठोके द्यायचे की सगळे मासे खाणं घ्यायला एका कोपऱ्यात गोळा होतात. रोज काकी खाणं टाकून लगेच पाठ फिरवायची. आज ती झोपडीच्या दाराआड थांबली. तिसऱ्या ठोक्याला लव्हाळ्यातून तीन डोकी वर आली. दोन मोठी, एक पिल्लू. ओळीने येऊन बसली, पंगतीला बसावं तशी.

काकीने कपाळावर हात मारला. हात दाखवून अवलक्षण! चोरांना घंटा वाजवून बोलावणारी ती स्वतःच होती. इतके दिवस ती त्यांना शिव्या देत होती आणि रोज सकाळी आवतणही देत होती. तिला रडू आलं, आणि रडता रडता हसूही आलं.

मग हसू थांबलं. कचेरीच्या फाटकाशी साहेबांचं लाडकं तळं होतं, लाल-सोनेरी माशांचं. पाहुणे आले की साहेब आधी तेच दाखवायचे. आणि कचेरी होती त्याच नदीकाठी.

त्या दिवसापासून काकीने तळ्यावर डबा वाजवला नाही. ती वाजवत निघाली नदीकाठाने. रोज थोडं पुढे, रोज ठोक्यामागून दोन-चार बारके मासे टाकत. नवव्या दिवशी, साहेब कचेरीत शिरायच्या वेळेला, तिने फाटकापाशी उभं राहून डबा बडवला.

साहेब बाहेर धावले तेव्हा पाणमांजरं त्यांच्या तळ्यात उतरली होती आणि पिल्लाच्या तोंडात लाल शेपूट वळवळत होतं.

“अहो बाई! आवरा यांना!”

“मी कोण आवरणारी, साहेब? ती पूर्वापार इथलीच. तळं तुम्ही मागाहून केलंत.” काकी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “सवय करून घ्या.”

शिपायाने हसू लपवायला तोंड फिरवलं. साहेबांचा चेहरा त्यांच्या माशांसारखा लाल झाला होता. काकी मात्र जागची हलली नाही. “नदी त्यांची, मी कधी नाही म्हटलं? जाळी फक्त माझ्या तळ्याला हवी. नाही म्हणालात तर उद्या याच वेळेला येते.”

दुपारच्या आत सही झाली. निघताना काकीने डबा साहेबांच्या टेबलावर ठेवला. नवऱ्याच्या हातच्या ठोक्यांनी त्याला पडलेले पोचे तिने एकदा चाचपले. “हा तुमच्याकडे राहू द्या. माझ्याकडे आता हा वाजायचा नाही.”

जाळी लागली. पण डब्याशिवाय मासे येईनात. काकी गुडघाभर पाण्यात उभी राहून मुठीतलं खाणं सोडायची आणि वाट बघायची. पहिल्या दिवशी कुणी नाही. दुसऱ्या दिवशी माशांची बारकी पोरं आली. थोरलीचा पत्ता नव्हता. उशीर झाला आपल्याला, असं तिच्या मनाने घेतलं, आणि रात्री ती जेवली नाही.

पाचव्या सकाळी तिच्या पोटरीला काहीतरी जड घासलं. पांढरा डाग. शेपटीचा एक तुकडा तुटलेला, पण थोरलीच! काकी पाण्यात उभ्या उभ्या घळाघळा रडली.

जाळीपलीकडे सळसळ झाली. पाणमांजराची मादी पिल्लाला पोटाशी घेऊन टक लावून बघत होती. काकीने डोळे पुसले.

“तूही जग, बाई,” ती म्हणाली, “पण हिला हात लावायचा नाही.”